एकाक्षरी पुरावा

१

डबा रिकामा निघाला तेव्हा खोलीतल्या कोणालाही दुःख झाले नाही. राग मात्र सगळ्यांना आला. वस्तू प्रिय असेल तर माणूस हळहळतो, आणि वस्तूच्या जिवावर आखलेला बेत फसला तर संतापतो. शब्दकोश-मंडळातल्या त्या चोरीची हकीकत ऐकताना माझ्या लक्षात राहिली ती एवढीच गोष्ट.

डबा पत्र्याचा होता, गोल आणि चपटा. मंडळाच्या ध्वनिकक्षातल्या लोखंडी कपाटात तो कित्येक वर्षे पडून होता आणि त्यात ध्वनिफितीचे एक जुने रीळ असायला हवे होते. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सभागृहात ते रीळ निमंत्रितांसमोर वाजवले जाणार होते. सकाळी त्याची रंगीत तालीम ठेवली होती. मंडळाचे मानद सल्लागार डबा दोन्ही हातांवर घेऊन व्यासपीठावर आले, विश्वस्तांकडे पाहून डोळे मिटून उभे राहिले, झाकण उघडले, आणि डोळे उघडल्यावर त्यांना आतला पत्रा दिसला.

या सल्लागारांना मंडळातले लोक पाठीमागे ‘महर्षी’ म्हणत. त्यांचा सिद्धांत असा, की मानवजातीचा पहिला शब्द ‘मा’, त्याचा अर्थ आई, आणि जगातल्या सर्व भाषा या एका अक्षरातून फुटल्या. पुरावा म्हणून ते डोंगरापलीकडची एक नामशेष बोली पुढे करत. त्या बोलीचे जगातल्या कुठल्याच भाषेशी नाते नाही, तरी तिच्यातही आईला ‘मा’ म्हणत. तो शब्द आपण तरुणपणी तिथल्या शेवटच्या म्हातारीच्या तोंडून ऐकला आणि ध्वनिमुद्रित केला, असे ते सांगत. ते मुद्रण म्हणजेच हे रीळ.

मला हे सारे फोनवर सांगितले ते ताईने. ताई माझी थोरली बहीण, आणि मंडळाची प्रमुख संपादक. मी ध्वनिशास्त्राच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालो आहे; जुन्या मुद्रणांबद्दल मत देण्यासाठी मला अधूनमधून बोलावणे येते, पण ताईचे आजवर कधी आले नव्हते.

“शहाण्या, मोकळा आहेस का?” तिने विचारले. मग एका दमात सांगितले, की ध्वनिकक्षाची किल्ली काल तिच्या उपसंपादिकेने नेली होती, ही मुलगी सल्लागारांच्या सिद्धांताची उघड विरोधक, आणि दुपारच्या बैठकीत विश्वस्त तिला चोर ठरवून कामावरून काढणार. कोशाच्या कामातून चोरीच्या ठपक्यासह निघालेल्या माणसाला पुन्हा कोणी शब्दाजवळ उभे करत नाही.

“ती चोर नाही,” ताई म्हणाली. “तू ये आणि तसं लिहून दे. जुनी फीत आपोआप भुगा होऊन जाते ना रे? तसं असेल तर तेच लिही.”

मी म्हणालो की आधी डबा पाहतो. डबा पाहिला, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला खरोखरच तांबूस तपकिरी भुगा होता.

२

माझ्याआधी अर्धे कार्यालय तो भुगा पाहून गेले होते आणि फीत कुजून नाहीशी झाली असा निष्कर्ष काढून चहा प्यायला बसले होते. शिकलेल्या माणसांच्या घोळक्यात निष्कर्ष किती लवकर तयार होतो याचे मला नेहमीच कौतुक वाटते. तो तपासायची वेळ आली की मात्र सगळ्यांना कामे आठवतात.

जुनी फीत खराब होते हे खरे. ती चिकट होते, ठिसूळ होते, तिच्यावरचा थर सुटून येतो. पण फीत एका चकरीवर गुंडाळलेली असते, आणि ही चकरी पत्र्याची होती असे खुद्द महर्षींनीच सांगितले. फितीचा भुगा होऊ शकतो. पत्र्याच्या चकरीचा भुगा होऊन ती बंद डब्यातून निघून जात नाही.

राहिला तो भुगा. ध्वनिफितीवरचा तपकिरी थर लोहाच्या संयुगाचा असतो आणि तो लोहचुंबकाला धरतो. माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात सवयीने एक लहान चुंबक असतो. मी थोडा भुगा कागदावर घेतला आणि खालून चुंबक फिरवला. एक कणही हलला नाही. म्हणजे हा भुगा फितीचा नव्हता. तो बाहेरून आला होता, आणि झाकणावर त्याचे जे ठसे होते ते बोटांचे होते. डबा उघडणाऱ्याचे हात मळलेले होते, पण कशाने ते मला तेव्हा सांगता आले नसते.

मग मी वाजवण्याचे यंत्र पाहिले. इमारतीत असे यंत्र एकच. त्याच्या चाकाचे रबर दगडासारखे झाले होते आणि फीत जिथून सरकते त्या खाचेत धुळीचा अखंड थर होता. या यंत्रावर कित्येक वर्षांत काहीही वाजलेले नव्हते. ज्या इमारतीत माणसांचे पोट शब्दांवर चालते, तिथे सगळ्या सिद्धांताचा आधार असलेला शब्द एकदा ऐकून पाहावा असे कोणालाच वाटले नव्हते. मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत फोन करून चालू स्थितीतले यंत्र मागवून घेतले. फीत सापडली तर ऐकायची सोय हवी.

किल्लीचा पुरावा तर दोन मिनिटांत निकालात निघाला. ती कारकुनांच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेली असते. खिळा सर्वांचा, किल्ली सर्वांची. उपसंपादिकेने ती नेल्याचे लक्षात राहिले, कारण नेताना तिने तसे सांगितले होते. न सांगता नेणाऱ्याचे नाव अर्थातच कोणाला आठवत नव्हते.

मी महर्षींना भेटायचे ठरवले. त्यांच्या दाराशी पोचलो तेव्हा आतून ते कोणाला तरी सांगत होते, की चोर कोण हे आपल्याला माहीत आहे.

३

चोर म्हणजे त्यांच्या मते ‘अश्रद्धा’ होती, आणि ती सध्या उपसंपादिकेच्या रूपाने वावरत होती. एवढे सांगून त्यांनी मला बसायला सांगितले.

मी सिद्धांताबद्दल विचारले नव्हते. तरी त्यांनी तो सांगितला. बाळ आईला पाहून ओठ मिटते, उघडते, आणि ‘मा’ म्हणते. म्हणून हा शब्द सनातन. मी म्हणालो की बाळ आईला न पाहताही ओठ मिटते आणि उघडते, आणि त्याच्या पहिल्या आवाजाला आपले नाव देण्याची घाई आईबापांना असते. जॉर्जियन भाषेत ‘मामा’ म्हणजे बाप. महर्षींनी यावर स्मित केले. तो अपभ्रंश होता, ते म्हणाले.

यानंतर मी केवळ दुष्टपणाने आणखी काही उदाहरणे दिली. संस्कृतात ‘मा’ म्हणजे ‘नको’. हंगेरियनमध्ये ‘आज’. व्हिएतनामीत ‘भूत’. एस्टोनियनमध्ये ‘मी’. अरबीत ‘काय’, आणि जरा वेगळ्या उच्चाराने ‘पाणी’. तमिळमध्ये ‘आंबा’ आणि ‘पीठ’ दोन्ही. चिनीत तर सूर बदलला की आई, ताग, घोडा आणि शिवीगाळ. इटालियनमध्ये ‘पण’, आणि हा ‘पण’ ज्या लॅटिन शब्दापासून झिजत आला त्याचा अर्थ होता ‘अधिक’, आईचा तिथे मागमूस नाही. माणसाच्या तोंडातून सहज निघणारे ध्वनी मोजके आहेत आणि सांगण्यासारख्या गोष्टी अगणित. तेव्हा एवढा आखूड शब्द हजारो भाषांत भेटणारच, आणि त्यातल्या काहींत तो आपल्याला हव्या त्या अर्थाने भेटणारच. ज्याला हे नवल वाटते त्याने नाणेफेकीतही दैवी संकेत शोधावा.

महर्षींनी प्रत्येक अर्थ आईपर्यंत नेऊन पोचवला. पाणी जीवन देते म्हणून आई. आज हा काळाचा जन्म म्हणून आई. भूत म्हणजे पूर्वज म्हणून आई. घोड्यापाशी ते किंचित थबकले. मग म्हणाले की घोडा वाहून नेतो आणि आईही वाहून नेते. ज्या सिद्धांताला कोणतीच गोष्ट खोटी ठरवू शकत नाही त्याचे सौंदर्य हेच असते की त्याला घोडाही चालतो.

मग मी मुद्द्यावर आलो. रीळ शेवटचे कधी ऐकले, असे विचारले. त्यांनी छातीवर हात ठेवला. ऐकायची गरजच नव्हती. ते त्यांच्या कानांत होते. म्हातारी उंबऱ्यावर बसली होती, मागून ऊन येत होते, तिने छातीवर हात ठेवून ‘मा’ म्हटले. उद्या सगळे ऐकणार होते. समारंभात रीळ वाजवण्याची कल्पना त्यांचीच.

या गृहस्थाने आपले रीळ स्वतःच लंपास केले असावे, असे मला मनापासून वाटत होते. एखादी गोष्ट खरी असावी असे मनापासून वाटू लागले की ती बाजूला ठेवायची, हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. मी ती बाजूला ठेवली. पण मग तिच्या जागी ठेवायला माझ्याजवळ काहीच उरले नाही.

४

जावईबापू माझी वाटच पाहत होते. मंडळाच्या संस्थापकांचे ते जावई, म्हणून विश्वस्त. याखेरीज शब्दांशी त्यांचा काही संबंध नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ‘मा’ हा शब्द खरा की खोटा याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. त्यांनी सभागृहात नवे कर्णे बसवले होते, दिवे मालवून अंधारात म्हातारीचा आवाज सोडायचा होता, आणि त्या क्षणी पडदा उघडून सासऱ्यांचे तैलचित्र दिसायचे होते. रीळ गेल्यामुळे चित्र बिनआवाजाचे उघडावे लागणार, याचा त्यांना ताप होता.

“हे बघा, कोणीतरी दोषी लागतोच,” ते मला समजावून सांगू लागले. “नाहीतर लोक म्हणतील, व्यवस्था ढिली आहे. ती मुलगी तशीही भांडकुदळ आहे.”

ती मुलगी म्हणजे उपसंपादिका. तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, कारण मजकूर छाटण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ती आपल्या टेबलावरची पुस्तके एका खोक्यात भरत होती. काढून टाकण्याचा निर्णय व्हायच्या आधीच आवराआवर का, असे मी विचारले.

“निर्णय झालाय. बैठक व्हायचीय,” ती म्हणाली.

तिने जे सांगितले त्याचा सारांश असा. रीळ समारंभाआधी तज्ज्ञांसमोर वाजवा, अशी मागणी तिनेच सगळ्यांत आधी केली होती. काल किल्ली घेऊन ती गेली ती डब्यावरचा तपशील पाहायला. कपाटाला मात्र वेगळे कुलूप होते, म्हणून हात हलवत परत आली. कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे तिने मला सांगितले नाही; मीही तेव्हा विचारले नाही.

मी विचारले ते असे, की तिला शंका आली तरी कशावरून. तिने खोक्यातून कोशाचा एक जुना खंड पुन्हा बाहेर काढला. त्या नामशेष बोलीचे सगळे शब्द या खंडात आहेत. ते एका प्रवाशाने जमवले होते, आणि हा प्रवासी कोणाच्या तोंडून शब्द ऐकला ते प्रत्येक शब्दाखाली देतो: नावाडी, कुंभारीण, मेंढपाळाची सून. या रीतीला त्याने एकदाही फाटा दिलेला नाही. फक्त एका शब्दाखाली बोलणाऱ्याचा पत्ता नाही.

“मा,” मी म्हणालो.

तिने मान हलवली. ही गोष्ट ती बाईंना, म्हणजे ताईला, दाखवायला गेली होती. बाई म्हणाल्या, राहू दे.

जिन्यावरून उतरताना मी हिशेब मांडला. महर्षींना रीळ वाजवून टाळ्या घ्यायच्या होत्या. जावईबापूंना ते वाजवून पडदा उघडायचा होता. कात्रीला ते वाजवून महर्षींना उघडे पाडायचे होते. ज्यांच्यावर संशय घ्यावा त्या तिघांनाही ते वाजायलाच हवे होते. मग ते वाजू नये असे वाटणारा माणूस या इमारतीत उरला तरी कोण? उत्तर मला त्याच पायरीवर मिळाले, आणि ते मिळाले नसते तर बरे झाले असते.

५

ताईची खोली मंडळातली सर्वांत जुनी. मागच्या भिंतीला छतापर्यंत पुस्तके, त्यांतली खालच्या रांगेतली चामडी बांधणीची. मी काही न बोलता त्या रांगेतला एक ग्रंथ काढला, पुन्हा आत सरकवला आणि हाताकडे पाहिले. जुने चामडे वर्षानुवर्षे हवेत राहिले की त्याचा वरचा पापुद्रा सुटतो. बोटांवर तांबूस तपकिरी भुकटी राहते. मी चुंबक बाहेर काढायचेही कष्ट घेतले नाहीत.

“ताई, तो शब्द खोटा आहे ना?”

तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. “कोणी सांगितलं?”

“कोणीच नाही. म्हणून तर कळलं.”

मग मी तिला माझा हिशेब ऐकवला. रीळ वाजू नये असे त्यालाच वाटेल ज्याला ते वाजल्यावर काय होईल हे आधीच माहीत आहे. पण ते तर कोणी ऐकलेलेच नाही. यंत्रावरची धूळ साक्षीला आहे. न ऐकता खात्री असायची तर एकाच मार्गाने असू शकते: असा शब्द त्या बोलीत कधी नव्हताच, हे ठाऊक असेल तर. महर्षींच्या स्मृतीबाहेर हा शब्द एकाच ठिकाणी राहतो, ते म्हणजे मंडळाचा कोश. आणि तिथे तो बिनवारशी आहे. स्वल्पविराम चुकला म्हणून संपूर्ण खंड छापखान्यातून परत मागवणारी प्रमुख संपादक, असा बिनवारशी शब्द समोर आल्यावर ‘राहू दे’ म्हणते. आणि मी डबा पाहण्याआधीच ती माझ्याकडे भुग्याचा दाखला मागते.

कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे विचारायचे राहिले होते. ती तिने न विचारताच पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

त्या शब्दाला कोशवाल्यांत ‘चकवा’ म्हणतात, ती म्हणाली. कोश चोरून छापणारे पुष्कळ. आणि आई, पाणी, दगड हे शब्द काही कोणाच्या मालकीचे नसतात, मग चोरी सिद्ध कशी करायची? म्हणून प्रत्येक खंडात एखाददुसरा खोटा शब्द पेरायचा. तो दुसऱ्याच्या कोशात उगवला की चोर सापडला. चकवे कुठेही लिहून ठेवायचे नाहीत. जुन्या संपादकाने जाताना नव्याला तोंडी सांगायचे, एवढीच रीत. ‘मा’ तिच्या सरांनी, म्हणजे तिच्या आधीच्या संपादकांनी, घडवला होता. एका अक्षराचा शब्द कुठल्याही भाषेत खपतो, असे ते म्हणत. बोलणाऱ्याचे नाव मात्र त्यांनी घातले नाही. खोटा शब्द चालेल, खोटा माणूस नको, अशी त्यांची नीती.

अशा नीतीबद्दल मला जे वाटते ते मी बोललो नाही. खोटेपणाला तळमजला बांधून दिला की तो वर मजले चढवत जातो. इथे तर त्यावर मानवजातीचा उगम उभा राहिला होता आणि उद्या त्याला दिव्यांची रोषणाई होणार होती.

“रीळ वाजलं असतं, शब्द निघाला नसता,” ताई म्हणाली. “मग सगळे विचारणार, कोशात आला कुठून? आणि एक खोटा निघाला, की बाकीचे किती? सरांचं, आमचं, सगळ्यांचं आयुष्यभराचं काम हसण्यावारी गेलं असतं.”

“आणि ती मुलगी?”

“तिच्यावर येईल असं नव्हतं वाटलं. म्हणून तर तुला बोलावलं.”

“तू मला तपासाला बोलावलंच नाहीस. दाखल्याला बोलावलंस.”

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाली, की भुग्याचा दाखला नाही मिळाला तर मी महर्षींना धरीन, हेही तिने गृहीत धरले होते. तसल्या माणसांची मला किती घृणा आहे हे तिच्याइतके कोणाला माहीत? माझ्या शास्त्रीय बुद्धीबद्दल माझ्या सख्ख्या बहिणीचे मत हे असे होते, आणि ते सर्वस्वी चूक म्हणता येत नव्हते.

तिने खालचा खण उघडला. रीळ एका जुन्या शालीत गुंडाळलेले होते. फेकून द्यायचा धीर झाला नाही, ती म्हणाली. काही झाले तरी एका माणसाचा आवाज होता त्यात.

“ऐकलंस?”

“काय ऐकायचं? नाहीच तो शब्द.”

बाहेर बैठकीची घंटा झाली.

६

ताईने रीळ स्वतःच्या हाताने बैठकीच्या टेबलावर ठेवले. जावईबापूंनी विचारले, कुठे सापडले. ऐकून झाल्यावर सांगते, ती म्हणाली. महर्षींना तेवढाही धीर नव्हता. ते माझ्या यंत्राकडे जवळपास धावतच आले. कात्री टेबलाच्या टोकाला, खुर्ची जरा मागे ओढून बसली होती.

मी फीत चढवली. आधी खरखर, मग वारा, कोंबडीचा आवाज. मग एका तरुणाचा आवाज, आजच्याइतकाच ठाम. तो म्हातारीला बाजारभाषेत विचारत होता, तुमच्या बोलीत आईला काय म्हणतात?

म्हातारी बोलू लागली. सावकाश, चढउतार घेत, कुठेतरी थोडे हसून, ती बराच वेळ बोलली. मध्ये तिने काहीतरी गुणगुणून दाखवले. टेबलाभोवतीच्या कोणालाही त्यातला एक शब्द कळला नाही, आणि आता तो कळणारा जगात कोणीही नाही.

“ते राहू द्या,” तरुण आवाज म्हणाला. “मा. आईला मा म्हणता ना? मा?”

शांतता. मग म्हातारी पुन्हा काही सांगू लागली.

“नाही, नाही. म्हणा, मा.”

असे बरेचदा झाले. प्रत्येक वेळी तिचे उत्तर आधीपेक्षा आखूड होत गेले. शेवटी, दारावरच्या विक्रेत्याला घालवावे तशा सुरात, म्हातारी म्हणाली, “मा.”

मी यंत्र थांबवले. ताईकडे पाहिले तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. जो शब्द फितीत नाहीच म्हणून तिने फीत पळवली, तो फितीत होता. कोशात पेरलेला चकवा या गृहस्थांनी खिशात घालून डोंगरापलीकडे नेला होता, म्हातारीच्या तोंडात कोंबला होता आणि तिथून पुरावा म्हणून परत आणला होता. ताईने तो एकदा ऐकला असता तर चोरी करायची गरजच उरली नसती. पण तिला त्या माणसाचा इतका तिटकारा होता की त्याच्या खोटेपणाची तिने शहानिशाही केली नाही.

“ऐकलंत ना?” महर्षी म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होते. आपण काय ऐकवले याची त्यांना पुसटशीही कल्पना नव्हती.

जावईबापूंनी टाळी वाजवली. हा शेवटचा तुकडाच फक्त घ्यायचा, आधीचे कापून टाकायचे, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. मग ते कात्रीकडे वळले. आता तर सगळे स्पष्टच झाले, ते म्हणाले. शब्द निघतो आहे, म्हणजे ती खोटी पडणार होती, म्हणूनच तिने रीळ दडवले. विश्वस्तांनी माना डोलावल्या. त्यांच्यापुरते प्रकरण मिटले होते.

मी तोंड उघडणार होतो, पण उघडले नाही. वाट आयती मोकळी झाली होती: शब्द सिद्ध झाला, चकवा सुरक्षित राहिला, कोशाला धक्का नाही, सरांच्या नावाला डाग नाही. त्यासाठी फक्त एका मुलीने आपले खोके उचलून जिना उतरायचे होते. कात्री उठलीही होती.

“बस खाली,” ताई तिला म्हणाली, आणि स्वतः उभी राहिली. “रीळ मी घेतलं होतं. आणि तो शब्द खोटा आहे. आमच्या सरांनी बनवलेला, आमच्या कोशात पेरलेला. तो तुम्ही आमच्याकडूनच नेलात.” शेवटचे वाक्य महर्षींना होते.

मग महर्षींनी डोळे मिटले. त्यांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. म्हणजे पाहा, ते म्हणाले, तुमच्या सरांना खोटा शब्द हवा होता, तरीही त्यांच्या ओठी आदिशब्दच आला.

जो माणूस आगीत पडल्यावर ऊब मिळाली म्हणतो त्याला विझवता येत नाही. समारंभ दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे झाला, आवाज सुटला, पडदा उघडला, आणि लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या असे मला कळले. मी गेलो नव्हतो.

पण बैठकीत विश्वस्तांना कात्रीवरचा ठपका मागे घ्यावा लागला. ताईने राजीनामा दिला. जावईबापूंनी तो इतक्या तत्परतेने स्वीकारला की तिला खाली सही करायला पेनही त्यांनीच दिले.

मी ताईबरोबर तिच्या खोलीत गेलो. थोड्या वेळाने कात्री दारात येऊन उभी राहिली. ताई खुर्चीतून उठली. म्हणाली, की मी तुझ्याशी जे केलं त्याची माफी कशी मागावी मला कळत नाही; सकाळीच सांगायला हवं होतं, मी वाट बघत राहिले.

“माफी नको, बाई,” कात्री म्हणाली. तिने फळीवरून पहिला खंड काढून टेबलावर उघडला आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली. “शब्द सांगा.”

ताई तिच्याकडे पाहत राहिली. त्या खोलीत आजवर ज्या गोष्टी केवळ कुजबुजून सांगितल्या गेल्या होत्या, त्यांसाठी तिने घसा साफ केला आणि मोठ्याने पहिला शब्द उच्चारला. तो अतिशय सुंदर शब्द होता. मी लहानपणापासून तो वापरत आलो आहे. कात्रीने त्याच्यावर सरळ रेघ मारली आणि पान उलटले.